गाणारे कोणी नसताना

इचलकरंजीहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. पत्र दीर्घ आहे. त्यातील घरगुती भाग वगळून मुद्दा तेवढा येथे देतो. त्यांची थोरली कन्या अकरावीत असून गेली तीन वर्षे गिटार शिकते आहे. कॉर्ड धरून साथ करणे तिला उत्तम जमते. शाळेच्या स्नेहसंमेलनात समूहगीतांना तिचीच साथ होती. त्यांचे मामंजी व्यवसायाने अडत्ये, पण गळा गोड. दुकान वाढवून घरी आले की ओसरीवर बसून दोन गाणी म्हणायची, हा त्यांचा अनेक वर्षांचा परिपाठ. गेल्या वर्षी घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज गेला. आता नात संध्याकाळी गिटार घेऊन त्यांच्याजवळ बसते, ओळखीच्या गाण्याचे कॉर्ड वाजवते, आणि थोड्या वेळाने थांबते. साथ असते, गाणे नसते.

भगिनी विचारतात, गाणारे कोणी नसताना गिटारवर गाणे वाजवता येते का, की त्यासाठी दुसरे वाद्य घ्यावे लागेल? आणि बारावी तोंडावर आली असताना हे नवे प्रकरण सुरू करावे का, असा मुलीच्या वडिलांचा प्रश्न आहे.

दुसरे वाद्य घेण्याचे कारण नाही. हातात आहे तीच गिटार पुरेशी आहे. मात्र आजवर ती जे शिकली त्यापेक्षा हे काम निराळे आहे, आणि ते निराळे कसे, हे आधी नीट समजून घ्यावे.

साथ करणाऱ्याला गाण्याचा एकच भाग सांभाळायचा असतो. एकल वादनात तीन भाग एका माणसाकडे येतात: वरची चाल, तळाचे स्वर आणि या दोहोंमधली भरण. उजव्या हाताचा अंगठा तळाच्या जाड तारा सांभाळतो, अनामिका व मध्यमा वरच्या बारीक तारांवर चाल गातात, तर्जनी मधली जागा भरते. डाव्या हाताच्या चार बोटांनी या तिघांचीही सोय एकाच वेळी लावायची. म्हणजे तारा सहा, दाबणारी बोटे चार, आणि मूळ गाण्यात मात्र गायक, व्हायोलिनांचा ताफा, बासरी, तबला, सगळा परिवार. तो जसाच्या तसा गिटारमध्ये बसणार नाही. काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवणे, यालाच गिटारसाठी गाण्याची रचना बांधणे म्हणतात.

आपल्याकडे ‘अरेंजर’ हा शब्द चित्रपटसंगीतामुळे परिचित आहे. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत गोव्याहून आलेल्या वादकांनी हे काम मोठ्या योग्यतेने केले. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी सॅबेस्टियन डिसूझा यांनी केलेले वाद्यसंयोजन असो, किंवा प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस यांचे काम असो, एका साध्या चालीभोवती पन्नास वाद्यांचा संसार उभा करणे हे त्यांचे कौशल्य होते. एकल गिटारवादकाला उलट्या दिशेने चालावे लागते. पन्नास वाद्यांचा संसार आवरून तो सहा तारांच्या खोलीत राहायला येतो. प्रत्येक वस्तू उचलताना ‘हिच्यावाचून अडेल का’ असा प्रश्न त्याला पडतो. हे काम अधिक अवघड आहे असे मी म्हणणार नाही, परंतु निर्दय अधिक आहे.

नुसत्या तत्त्वाने वाचकांचे समाधान होणार नाही, म्हणून एक चाल घेऊन पाहू. घरोघरी म्हटले जाणारे वाढदिवसाचे इंग्रजी गाणे घेतो, कारण ते सर्वांना पाठ आहे. (जाता जाता सांगण्यासारखे: ही चाल अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या हिल भगिनींनी बालवाडीच्या मुलांसाठी 1893 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘सुप्रभात’ गीताची आहे. वाढदिवसाच्या शब्दांवरील हक्काचा दावा अमेरिकेच्या न्यायालयाने 2015 मध्ये अमान्य करीपर्यंत या चार ओळींसाठी शुल्क आकारले जात होते. चार ओळींचे गाणेही किती दीर्घकाळ व्याज देऊ शकते पाहा.)

प्रथम चाल सरगममध्ये लिहावी. पहिली ओळ: मंद्रातले प प ध प, मग सा, आणि खाली नि. दुसरी: प प ध प रे सा. तिसरी: मंद्र प दोनदा, तेथून एकदम वरचा प, मग ग सा नि ध. चौथी: म म ग सा रे सा. मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंत, बरोबर एक सप्तक. ही मोजणी आधी करावी, कारण पट्टी तिच्यावरून ठरते.

पट्टी निवडताना दोन गोष्टी पाहायच्या. चाल वरच्या तीन तारांवर यावी, आणि तळाचे महत्त्वाचे स्वर शक्यतो मोकळ्या तारांवर मिळावेत; म्हणजे ते दाबण्यात डाव्या हाताचे बोट खर्ची पडत नाही. सर्वात जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत गिटारच्या मोकळ्या तारा ई, ए, डी, जी, बी, ई अशा लागतात. आपण डी म्हणजे पांढरी दोन ही पट्टी घेतली, तर चौथी मोकळी तार ‘सा’ होते आणि पाचवी मोकळी तार ‘प’. या गाण्याला तळाशी मुख्यतः हे दोनच स्वर लागतात. फक्त तिसऱ्या ओळीत एकदा ‘म’ लागतो, तो सहाव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर आहे. चालीकडे पाहावे तर मंद्र प तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर, ध दुसऱ्या मोकळ्या तारेवर, नि आणि सा त्याच तारेच्या दुसऱ्या व तिसऱ्या पडद्यावर, रे पहिली मोकळी तार, ग व म तिच्या दुसऱ्या व तिसऱ्या पडद्यावर, आणि वरचा प पाचव्या पडद्यावर. सगळे गाणे पाच पडद्यांत मावले. तिसऱ्या ओळीत चाल एकदम वर झेपावते तेव्हा डावा हात पाचव्या पडद्याकडे सरकतो, तरी तळाचा सा मोकळ्या तारेवर घुमत राहतो. पट्टी चुकीची निवडली असती, तर नेमक्या याच जागी हात अडकला असता.

आता तळाचे स्वर घालू. प्रत्येक अक्षराखाली स्वर देण्याचा मोह होतो, तो टाळावा. जेथे ठेक्याचा जोर पडतो तेथेच द्यावा. पहिल्या ओळीत ध वर ‘सा’ आणि नि वर ‘प’. दुसऱ्या ओळीत ध वर ‘प’ आणि सा वर ‘सा’. तिसरीत वरच्या प वर ‘सा’ आणि नि वर ‘म’. चौथीत ग वर ‘सा’, रे वर ‘प’ आणि शेवटी ‘सा’. एकूण नऊ ठोके. एवढ्यावर गाणे उभे राहते. तिसऱ्या ओळीत तळाच्या म वर निषाद क्षणभर खटकतो आणि धैवतावर उतरला की विरघळतो. ही खटक मुद्दाम राहू द्यावी, ओळीचा सगळा जीव तिच्यात आहे.

राहिली मधली भरण. येथे साथ शिकलेल्या मुलांची सवय आड येते. कॉर्ड म्हटला की सहाही तारा छेडायच्या, ही ती सवय. परंतु कान नेहमी सर्वात वरच्या स्वराला चाल समजतो. चाल तिसऱ्या तारेवर असताना पहिली आणि दुसरी तार वाजली, तर ऐकणाऱ्याला गाणे ओळखूच येत नाही. म्हणून भरण चालीच्या खाली, आणि चाल जेथे विसावते तेथेच. पहिली ओळ नि वर थांबते. तळाशी पाचव्या तारेचा प आहे, वर नि आहे. मध्ये तिसरी मोकळी तार छेडली की म मिळतो. प, नि, म या तीन स्वरांत पुढच्या ओळीकडे जाण्याची सगळी ओढ आली. पुस्तकातील पूर्ण कॉर्डमध्ये रे देखील असतो. तो गाळला तरी कोणाला उणीव भासत नाही, आणि एक बोट मोकळे राहते. जागा अपुरी असली की कॉर्डमधला पाचवा स्वर प्रथम सोडावा, असा जाणत्या वादकांचा प्रघात आहे. पहिला आणि तिसरा स्वर शिल्लक असले की कॉर्डची ओळख शाबूत राहते.

पट्टीचे महत्त्व किती, याचे ठळक उदाहरण स्पेनमध्ये आहे. इसाक आल्बेनिझ (1860–1909) यांची ‘आस्तुरियास’ ही रचना मुळात पियानोसाठी, जी मायनरमध्ये लिहिलेली. गिटारवर ती ई मायनरमध्ये वाजवतात. असे केल्याने मूळ रचनेत सतत टोचत राहणारा पंचम गिटारच्या दुसऱ्या मोकळ्या तारेवर येतो, आणि अंगठा खालच्या तारांवर चाल वाजवीत असताना ती तार आपोआप झणझणत राहते. आंद्रेस सेगोव्हिया यांच्या वादनाने ती जगभर पोहोचली. आज पुष्कळांना ही रचना मूळची पियानोची आहे हे सांगूनही खरे वाटत नाही. पट्टी बदलणे म्हणजे मूळ गाण्याशी प्रतारणा, असे मानणाऱ्यांनी हे एकदा ऐकावे.

आता आजोबांच्या गाण्याकडे वळू. भगिनींनी कळवले आहे की ‘दो आँखें बारह हाथ’ या 1957 च्या चित्रपटातील, वसंत देसाईंनी स्वरबद्ध केलेली प्रार्थना त्यांची विशेष आवडती होती. औंध संस्थानातील खुल्या कारागृहाच्या प्रयोगावर बेतलेला हा चित्रपट. आपल्या भागात ही प्रार्थना शाळाशाळांतून म्हटली जाते. असे गाणे गिटारवर आणताना वाढदिवसाच्या गाण्यात न आलेल्या दोन अडचणी येतात.

पहिली अडचण लांबलेल्या स्वराची. गायक श्वास पुरेपर्यंत स्वर धरतो. पेटीचा भाता हलता राहिला की पेटीही धरते. गिटारची तार मात्र छेडल्या क्षणापासून विझू लागते. याला उपाय पुष्कळ आहेत. चाल थांबलेली असताना मधल्या तारांवर एकेक स्वर सोडीत राहिले, तर कानाला वरचा स्वर चालूच असल्याचा भास होतो. दुसरा उपाय फ्रान्सिस्को तारेगा (1852–1909) यांच्या ‘अल्हाम्ब्राच्या आठवणी’ या प्रसिद्ध रचनेत ऐकू येतो: अंगठा तळाचे स्वर वाजवीत जातो आणि अनामिका, मध्यमा, तर्जनी एकाच तारेवर एकामागून एक इतक्या वेगाने पडतात की तुटक ठोक्यांचा अखंड स्वर होतो. हे साधायला महिनोन्‌महिने लागतात, तेव्हा मुलीने तूर्त पहिल्या उपायावर समाधान मानावे.

दुसरी अडचण आपल्या चालींची म्हणून आहे. भक्तिगीते, ओव्या, जुनी पदे या चाली कॉर्डच्या आधाराने जन्मल्याच नाहीत. त्यांच्या मागे तंबोरा असतो. प्रत्येक मात्रेला कॉर्ड बदलला की त्यांचा चेहरा हरवतो, प्रार्थनेची कवायत होते. अशा वेळी सहावी तार ई वरून डी पर्यंत उतरवावी. मग खालच्या तीन मोकळ्या तारा डी, ए, डी म्हणजे सा, प, सा अशा लागतात. अंगठ्याने त्या संथपणे छेडीत राहिले की गिटारमध्येच तंबोरा तयार झाला, आणि डावा हात संपूर्णपणे चालीसाठी मोकळा. मींड हवी तेथे एकाच तारेवर बोट न उचलता पुढच्या पडद्याकडे घसरत न्यावे. म्हणून चाल बसवतानाच कोणता स्वर कोणत्या तारेवर घ्यायचा हे विचारपूर्वक ठरवावे लागते. सा दुसऱ्या तारेवर आणि रे पहिल्या मोकळ्या तारेवर घेतला, तर त्या दोहोंत मींड होणार नाही. दोन्ही दुसऱ्या तारेवर घेतले तर होईल. वसंत देसाईंची प्रार्थना या दोन पद्धतींच्या मध्ये कोठेतरी बसेल: बहुतेक ठिकाणी तंबोरा आणि ओळ वळते तेथे एखादा कॉर्ड.

लोकांच्या गळ्यातील गाणी गिटारवर कशी उतरवावीत याचा आदर्श म्हणून मी तारेगांचे शिष्य मिगेल ल्योबेत (1878–1938) यांचे नाव घेईन. बार्सिलोनाच्या या वादकाने आपल्या कॅटलान प्रांतातील लोकगीते घेऊन गिटारसाठी बांधली. त्यांपैकी ‘अमेलियाचे मृत्युपत्र’ हे गीत दोन पानांत संपते. त्यातही सहावी तार डी ला उतरवलेली आहे. चाल एकदा साधेपणाने येते. पुढे तीच चाल तारेला केवळ स्पर्श करून निघणाऱ्या, घंटेसारख्या दूरच्या स्वरांत येते. ल्योबेत यांनी चालीत एकही दागिना वाढवला नाही, सर्व कसब चालीच्या खालच्या स्वरांत ठेवले. ज्यांना तारा वेगाने खाजवण्यातच कौशल्य दिसते, त्यांना हे वादन फिके वाटेल. वाटो.

मुलीने तयार लिपी विकत घ्यावी का, किंवा शिक्षकांकडून बांधून घ्यावी का, असेही पत्रात आहे. माझे मत स्पष्ट आहे: आधी स्वतः बांधावे, मग दुसऱ्याचे पाहावे. सहा रेघांवर पडद्यांचे आकडे मांडलेली तयार लिपी बोट कोठे ठेवायचे ते सांगते, का ठेवायचे ते सांगत नाही. आणि ‘का’ कळला नाही की पुढचे गाणे पुन्हा विकत घ्यावे लागते. अमेरिकेचे विख्यात गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्स (1924–2001) यांनी लहानपणी मर्ल ट्रॅव्हिस यांचे वादन सिनसिनाटीच्या रेडिओ केंद्रावरून ऐकले. ट्रॅव्हिस मुख्यतः अंगठा आणि तर्जनी एवढ्याच बोटांनी वाजवीत. रेडिओवर हात दिसत नसल्याने अ‍ॅटकिन्स यांनी समजूत करून घेतली की एवढ्या स्वरांसाठी आणखी बोटे लागत असणार, आणि ते अंगठ्यासह तीन बोटांनी वाजवायला शिकले. पुढे हीच त्यांची शैली ठरली. हात दिसले असते, तर कदाचित एक चांगली नक्कल तेवढी हाती लागली असती.

या कारणास्तव आजोबांचे गाणेही ध्वनिमुद्रिकेवरून जसेच्या तसे उचलू नये असे मला वाटते. चित्रपटातील गायन सर्वांना उपलब्ध आहे. ते कोठे जात नाही. आजोबा ते गाणे ज्या पद्धतीने म्हणत, कोठे रेंगाळत, कोणता स्वर किंचित खालून घेत, दुसऱ्या कडव्याआधी किती थांबत, हे मात्र त्या एका घरातच आहे, आणि लिहून ठेवले नाही तर काही वर्षांत कोणालाही सांगता येणार नाही. घरातील लग्नाच्या जुन्या चित्रफितीत त्यांचे गाणे सापडण्याची शक्यता आहे. व्यापारी कुटुंबांत अशा फिती कपाटात पडून असतातच. ती शोधावी. न सापडल्यास आजोबा स्वतः आहेत. त्यांना गाता येत नाही, पण ऐकता येते आणि मांडीवर ठेका धरता येतो. मुलीने एक ओळ दोन प्रकारे वाजवून दाखवावी आणि कोणती बरोबर ते त्यांनी बोटाने सांगावे. या कामी त्यांच्यापेक्षा अधिकारी शिक्षक मिळणार नाही, आणि हा अभ्यास फार लांबणीवर टाकण्याजोगाही नाही.

वडिलांच्या शंकेचे उत्तरही यातच आहे. रोज अर्धा तास आणि पंधरा दिवसांत एक ओळ, इतक्या बेताने हे काम करता येते. त्याला परीक्षा नाही, स्पर्धा नाही, रंगमंचही नाही. पहिल्या महिन्यात वर दिलेले वाढदिवसाचे गाणे बसवावे: प्रथम नुसती चाल, मग नऊ ठोके, मग भरण. चाल तोंडाने म्हणता म्हणता वाजवावी. म्हणताना जेथे अडखळायला होते, तेथे बोटे नक्की अडखळतात. त्यानंतर प्रार्थनेचे ध्रुवपद घ्यावे. एखादा स्वर कोणत्याही बोटाला पोहोचत नसेल, तर हात ताणून दुखवून घेऊ नये. तो स्वर सोडावा किंवा सप्तक बदलून घ्यावा. मनगट दुखू लागले की त्या दिवशी थांबावे.

बांधलेली रचना पेन्सिलीने कागदावर उतरवीत जावी. वर सरगम, खाली सहा रेघांवर पडद्यांचे आकडे, आणि अवघड जागी डाव्या हाताच्या बोटाचा क्रमांक. सहावी तार डी ला उतरवली असल्यास ते पानाच्या अगदी वर, ठळकपणे लिहावे. सहा महिन्यांनी वही उघडल्यावर हीच एक गोष्ट आठवत नाही, आणि मग आकडे बरोबर असूनही एकही ओळ ओळखू येत नाही.